बाळंतपणाच्या कळा आणि झाडपाल्याचीं औषधें

(मंडळ्यांतील स्त्रीपुरुषांच्या अभ्यासासाठीं. वाचावयाचे उतारे : उत्पत्ति ३:१६-१९, ५:२९, ३५:१६-२०, निर्गम १:१५-२१, १ शमुवेल ४:१९-२२, २ राजे ४:३८-४१, योहान १६:२१.)



परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांतील येलदरी येथें पूर्णा नदीवर मोठें धरण आहे. त्या भागांत काम करणाऱ्या एका उपदेशक बंधूंचें पत्र आमच्यापुढें आहे. ते लिहितात कीं, गेल्या पावसाळ्यांत मंडळींतील एक भगिनी बाळंतपणांत अडली. दोन दिवस कळा येत होत्या, आणि नाल्याला पूर असल्यामुळें गाडी येऊं शकली नाहीं. शेजारच्या एका वृद्ध बाईनें रानांतून एक कंद खणून आणिला. तो उगाळून तिनें भगिनीच्या तळपायांस व बेंबीखालीं लेप दिला, आणि उरलेला पाण्यांत कालवून पाजावा असें म्हटलें. तेव्हां घरांत वाद झाला. मंडळींतील एक वडील म्हणाले, वेदना हा हव्वेचा वांटा आहे, तो ख्रिस्ती स्त्रीनें निमूटपणें सोसावा. औषध घेणें हा अविश्वास होय. सासूबाई म्हणाल्या, रानांतला झाडपाला देवानेंच केला आहे, मग तो घेण्यांत दोष कसला? शेवटीं कंद पाजला गेला नाहीं. आई वांचली, मूल मात्र वांचलें नाहीं. तीच भगिनी आतां पुन्हां गरोदर असून तिचे दिवस भरत आले आहेत. दोघांपैकीं कोणाचें म्हणणें खरें मानावें, असें उपदेशक विचारितात.

वडिलांचें म्हणणें शास्त्राला धरून नाहीं, असें आम्हांस स्पष्ट सांगावें लागतें. सासूबाईंचें म्हणणें शास्त्राला धरून आहे खरें, परंतु तेवढ्यानें तो कंद निर्धोक होत नाहीं.

प्रथम वडिलांचा आधार पाहूं. उत्पत्ति ३:१६ हें वचन पुढें करून शेंकडों वर्षें स्त्रियांना औषध नाकारण्यांत आलें आहे. परंतु त्या वचनापाशीं न थांबतां पुढचें वचन वाचावें. सोळाव्या वचनांत स्त्रीच्या दुःखाविषयीं इत्साबोन असा इब्री शब्द आहे. तोच शब्द सतराव्या वचनांत पुरुषाच्या कष्टांविषयीं आहे. आदामाच्या वांट्यास कांटे, कुसळें व घाम आला. आतां आपले शेतकरी बंधु कुळवानें हरळी व कुंदा काढितात, विहिरीवर विजेचा पंप बसवितात, येलदरी-सिद्धेश्वरच्या पाटाचें पाणी शेताला घेतात. त्यांस कोणी वडील म्हणत नाहींत कीं, तुम्ही आदामाचा वांटा चुकवितां. शेतांतला कांटा उपटणें हें जर पाप नव्हे, तर कळा हलक्या करणें हें पाप कसें? शिवाय हा शब्द जुन्या करारांत आणखी एकदांच येतो, तो उत्पत्ति ५:२९ मध्यें. तेथें लामेख आपल्या मुलाचें नांव नोहा असें ठेवितो, तें या आशेनें कीं, ह्या कष्टांतून आपणांस कांहीं विसांवा मिळेल. म्हणजे ज्या दुःखाचा उच्चार तिसऱ्या अध्यायांत झाला, त्यांतून आराम मिळावा ही आशा पांचव्याच अध्यायांत बोलून दाखविली आहे, आणि शास्त्र त्या आशेला दोष लावीत नाहीं.

हा वाद नवा नाहीं. स्कॉटलंडांत एडिंबरो शहरीं १५९१ सालीं युफेम मॅकॅल्यन नांवाच्या स्त्रीला जिवंत जाळण्यांत आलें. तिच्यावर राजद्रोहाचे व चेटकाचे पुष्कळ आरोप होते. त्यांत एक असा होता कीं, आपल्या बाळंतपणाच्या कळा कमी व्हाव्या म्हणून तिनें एका जाणत्या बाईकडून उपाय करून घेतले. न्याय करणारे लोक आपल्याच प्रॉटेस्टंट मताचे होते, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. त्याच शहरीं १८४७ च्या नोव्हेंबरांत डॉ. जेम्स यंग सिंप्सन यांनीं बाळंतिणीस क्लोरोफॉर्म हुंगविण्यास आरंभ केला, आणि तोच उत्पत्तीचा आक्षेप पुन्हां निघाला. सिंप्सन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे सभासद होते. (आमच्या मराठवाड्यांतील वाचकांस हें नांव परकें नाहीं, जालना व बेथेल येथें रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनीं याच चर्चच्या वतीनें काम केलें.) धार्मिक आक्षेपांस उत्तर म्हणून सिंप्सन यांनीं त्याच वर्षीं एक पुस्तिका छापिली. त्यांतील एक मुद्दा उत्पत्ति २:२१ चा होता : आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं देवानें त्याला गाढ निद्रा आणिली. पुढें एप्रिल १८५३ मध्यें व्हिक्टोरिया राणीनें आपल्या आठव्या मुलाच्या वेळीं डॉ. जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला, आणि वाद हळूहळू मावळला. इब्री शब्दाच्या अर्थापेक्षां राणीचें उदाहरण लोकांस लवकर पटलें, असा मनुष्याचा स्वभाव आहे! क्लोरोफॉर्म पुढें धोक्याचा ठरला व तो सुटला. आज मोठ्या रुग्णालयांत पाठीच्या कण्याजवळ सुई देऊन कळा बधिर करितात. ती सोय सर्वत्र नाहीं, परंतु जेथें असेल तेथें ती मागण्यांत ख्रिस्ती स्त्रीनें संकोच मानूं नये.

आतां सासूबाईंकडे वळूं. वनस्पतींचा औषधासारखा उपयोग शास्त्रांत निषिद्ध नाहीं. यशयानें हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितला (यशया ३८:२१). परंतु २ राजे ४:३८-४१ हा उताराहि वाचावा. दुष्काळांत एक शिष्य रानांत भाजीपाला वेंचावयास गेला, वेलीवरचीं अनोळखी फळें ओटींत भरून आणिलीं व भांड्यांत चिरून घातलीं. तें अन्न जेवणाऱ्यांच्या जिवावर आलें. त्या शिष्याचा हेतु वाईट नव्हता. त्यानें तीं फळें ओळखलीं नाहींत, एवढेंच.

पत्रांत कंदाचें जें वर्णन आहे तें असें : नांगरासारखा वांकडा कंद, झुडपावर चढणारी वेल, पानाच्या शेंड्याला तणावा, आणि श्रावण-भाद्रपदांत जाळाच्या ज्वाळेसारखें तांबडें-पिंवळें फूल. ही कळलावी होय, यांत शंका नाहीं. (भांडण लावणाऱ्या बाईला आपण याच नांवानें ओळखतों, पण तें असो.) नांवांतच तिचें काम आहे, ती कळा लाविते. संस्कृतांत तिला लांगली म्हणजे नांगरी म्हणतात. तिचें दुसरें नांव गर्भनुत्, म्हणजे गर्भास ढकलणारी, असें आहे. जुन्या वैद्यांस ती ठाऊक होती. तिचा कंद बाळंतिणीच्या अंगास बाहेरून लावावा असें ते सांगत; चरकसंहितेंत बाळंतिणीस हुंगावयास देण्याच्या चूर्णांतहि तिचें नांव आहे. तेव्हां त्या वृद्ध बाईनें आपल्या मनानें कांहीं काढिलें नाहीं. तिनें फार जुनी विद्या चालविली, आणि तिचा राग करूं नये. पण त्या वैद्यांस जें कळण्याचें साधन नव्हतें तें आज आपणांस आहे. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषेंकरून कंदांत व बियांत, कॉल्चिसीन नांवाचें जालीम विष आहे. तें पोटांत गेल्यावर कांहीं तासांनीं ओकाऱ्या व जुलाब लागतात. मग एकदोन दिवसांत मूत्रपिंडें, काळीज व रक्त यांवर घाला पडतो. त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. रताळें किंवा दुसरा खाण्याचा कंद समजून ती शिजवून खाल्ल्यानें भारतांत व श्रीलंकेंत माणसें मेलीं आहेत. कोणत्या कंदांत विष किती, हें डोळ्यांनीं कळत नाहीं, म्हणून थोडा दिला तर चालेल असें म्हणण्यास जागा नाहीं. लेपाविषयींहि आमचें मत असें आहे कीं, तो देऊं नये. लेप लाविणारा हात पुढें ताटांत जातो, बाळंतिणीच्या तोंडाशीं जातो, आणि मूल जन्मल्यावर मुलाला लागतो.

यापेक्षांहि महत्त्वाची एक गोष्ट आहे. ती एकदां समजली म्हणजे प्रत्येक मुळीचें नांव पाठ करण्याची गरज राहणार नाहीं. गर्भाशय ही पिशवी असून तिच्या भिंती स्नायूंच्या आहेत. कळ येते तेव्हां भिंती आंवळतात, आणि तेवढा वेळ वारेकडे जाणारें रक्त कमी होतें. मूल जणूं नदींत बुडी मारितें. कळ ओसरली म्हणजे रक्त पुन्हां वाहूं लागतें, आणि मूल जणूं पाण्याबाहेर डोकें काढितें. दोन कळांमधील विसांवा आईला हवाच, पण मुलाला तो तिच्याहून अधिक हवा. कळा वाढविणारें जें जें औषध, मग तें मूळ असो, काढा असो वा सुई असो, तें हा विसांवा चोरितें, आणि मूल आंतल्या आंत गुदमरतें. मूल आडवें असेल किंवा वाट अरुंद असेल, तर त्या वाढलेल्या जोरानें मूल खालीं न येतां पिशवीच फाटते, व आईहि जाते. अडलेल्या बाईला आणखी कळा आणणें म्हणजे चिखलांत चाक रुतलें असतां बैलाला चाबूक मारीत राहणें. चाक निघत नाहीं, जोखड मोडतें.

हा धडा पाश्चात्य डॉक्टरांसहि मुलांचे जीव देऊन शिकावा लागला. युरोपांत राय नांवाच्या धान्यावर अरगट नांवाची बुरशी पडते. सुइणी ती कळा वाढविण्यासाठीं देत असत. १८०८ सालीं अमेरिकेंत डॉ. जॉन स्टर्न्स यांनीं डॉक्टर लोकांस तिची शिफारस केली, व ती झपाट्यानें पसरली. पण मेलेलीं मुलें जन्मूं लागलीं, तेव्हां १८२४ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड हॉसॅक यांनीं इशारा दिला कीं, हिला प्रसूतीची पूड न म्हणतां मृत्यूची पूड म्हणणें योग्य होईल. पुढें अरगट मूल जन्मल्यावर रक्तस्राव थांबविण्यासाठींच देण्याची रीत पडली. १९३५ सालीं लंडन येथें तिच्यांतून अर्गोमेट्रीन हें शुद्ध औषध वेगळें काढण्यांत आलें, आणि त्यानें पुष्कळ आया वांचल्या. मूल पोटांत असतां जें मारितें, तेंच मूल बाहेर आल्यावर तारितें. (आपल्या बाजरीवर पडणारा अरगट निराळ्या जातीचा व विषारी आहे, हें वाचून कोणी तो गोळा करूं नये.)

आतां आपल्या भागांतील इतर वस्तूंविषयीं थोडक्यांत लिहूं. अडुळसा खोकल्यास देतात, परंतु त्यांतील वासिसीन या द्रव्यानें गर्भाशय आंवळतें, म्हणून गरोदर बाईनें त्याचा काढा खोकल्यासाठींहि घेऊं नये. कपाशीच्या मुळाची साल एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील डॉक्टरहि अरगटाऐवजीं देत असत. तिचाहि दोष तोच, आणि आज तर कपाशीच्या शेतांत फवाऱ्याचें विष मुरलेलें असतें. एरंडेल पाजून कळा आणण्याची चाल फार आहे. त्यानें कधीं कळा सुरू होतात, पण मळमळ व जुलाब होऊन बाई ऐन वेळीं गळून जाते. अफूनें किंवा अफूच्या बोंडांच्या पाण्यानें वेदना कमी वाटतात खऱ्या. पण ती गुंगी मुलालाहि चढते, व जन्मल्यावर तें श्वास घेण्याचें विसरतें. मन शांत व्हावें म्हणून हल्लीं अश्वगंधेचें चूर्ण घेण्याचा प्रघात पडला आहे. गरोदरपणांत तेंहि नको. या सर्वांपेक्षां मोठा धोका आजकाल सुईचा आहे. घरीं बोलाविलेला एखादा इसम कळांची सुई टोंचून निघून जातो. त्या सुईंतील ऑक्सिटोसिन हें औषध चांगलें आहे, पण रुग्णालयांत तें सलाइनमधून थेंब मोजून देतात व मुलाच्या काळजाचे ठोके सारखे ऐकतात. घरीं तें मोजणार कोण व ऐकणार कोण? मूल जन्मण्यापूर्वीं घरीं ही सुई देणाऱ्यास दाराबाहेर काढावें, मग तो कितीहि ओळखीचा असो.

आघाड्याच्या मुळीची गोष्ट निराळी आहे. ती बाईच्या कंबरेला, मांडीला किंवा केंसांत बांधितात, आणि मूल जन्मतांच सोडितात. न सोडली तर आंतली पिशवीहि बाहेर येईल असें म्हणतात. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांत मरियमचें फूल पाण्यांत ठेवितात. हें वाळवंटांतील एक वाळलेलें झुडूप आहे. पाणी लागलें कीं त्याच्या मिटलेल्या फांद्या हळूहळू उघडतात, व त्याबरोबर बाईची सुटका होते असें मानितात. अरबी लोक त्याला मरियमचा पंजा म्हणतात. आमच्या कांहीं भगिनी विचारितात कीं, मरियमचें नांव आहे, मग तें ठेवावयास काय हरकत? नांवानें वस्तु पवित्र होत नाहीं. राहेलीनें रऊबेनाचीं पुत्रदात्रीचीं फळें मोठ्या आशेनें घेतलीं, पण त्या वेळीं गर्भ राहिला तो लेआला (उत्पत्ति ३०:१४-२२). बांधलेल्या मुळीनें शरीरास अपाय होत नाहीं, म्हणून शेजारणीनें प्रेमानें बांधली तर ऐन कळांत तिच्याशीं भांडूं नये, नंतर शांतपणें समजावून सांगावें. अपाय होतो तो तिच्यावर विसंबून बसण्यानें : मुळी बांधली आहे, आतां होईल, असें म्हणत रात्र जाते. आणि तीच काडी कोणी आंत घालूं लागल्यास मात्र हात धरून थांबवावें, कारण त्यांतून धनुर्वात व गर्भाशयाचा सडका ताप येतो.

मग वेदना हलक्या करण्यास घरीं कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें स्वस्त आहे. तिळाचें किंवा खोबऱ्याचें कोमट तेल कंबरेस व पाठीच्या खालच्या भागास चोळावें. ओवा तव्यावर भाजून फडक्यांत बांधावा व त्या पुरचुंडीनें कंबर शेकावी. ओवा नसेल तर गरम पाण्यांत पिळलेलें फडकेंहि चालतें, कारण गुण उष्णतेचा आहे. पोट मात्र चोळूं नये व त्यावर जोर तर मुळींच देऊं नये. पाणी, पेज, थोडा गुळाचा चहा घोंटघोंट द्यावा. बाईला उताणी न निजवितां चालूं द्यावें, भिंतीला टेकूं द्यावें, उकिडवें बसूं द्यावें. निर्गमाच्या पहिल्या अध्यायांत मिसरांतील इब्री स्त्रिया बाळंत होतांना बसत असत असें दिसतें; तेथें इब्री भाषेंत दोन दगडांवरील आसनाचा शब्द आहे. खोलींत धुरी करूं नये. कोंडलेल्या धुरानें बाळंतिणीचा व मुलाचा श्वास कोंडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं बाळंतपणाविषयीं ज्या शिफारशी केल्या, त्यांत चोळणें, शेक, दीर्घ श्वास, चालणें व खाणेंपिणें हीं सर्व आहेत. बाळंतशेपा, अळीव, डिंक, सुंठ यांचा काळ मूल जन्मल्यानंतरचा आहे. त्यांविषयीं येथें लिहीत नाहीं.

यांतील पुष्कळ गोष्टी आपल्या देशांत जुन्याच आहेत. कोणी म्हणत कीं, बाळंतिणीच्या हातीं मुसळ देऊन धान्य कांडावयास लावावें. चरकसंहितेंत आत्रेय त्यास हरकत घेतात व तिला फिरूं द्यावें असें सांगतात. कळ नसतां जोर करूं नये, कंबर-पाठीस कोमट तेल चोळावें, आणि जिला स्वतःस मुलें झालीं आहेत अशा मायाळू स्त्रिया भोंवतीं असाव्या, असेंहि तेथें आहे. सुश्रुतांत चार पोक्त स्त्रिया सांगितल्या आहेत, व त्यांनीं नखें कापलेलीं असावीं असें मुद्दाम म्हटलें आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टरीची पदवी घेतांना जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्यांचें स्वतःचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें होतें.

भीतीवरहि औषध आहे, आणि तें कोणत्याहि मुळींत नाहीं. इंग्लंडांतील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनीं १९३३ व १९४२ सालच्या आपल्या पुस्तकांत दाखविलें कीं, भीतीनें अंग ताठतें व ताठलेल्या अंगांत कळ दुप्पट बोंचते. पुढें अनेक देशांत प्रयोग झाले. १५,८५८ स्त्रियांवरील अशा प्रयोगांचा एकत्र हिशोब २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, जिच्यापाशीं आरंभापासून शेवटपर्यंत एक सोबतीण बसली, तिचें बाळंतपण थोडें लवकर आटोपलें, तिला वेदनेचीं औषधें कमी लागलीं, आणि शस्त्रक्रियेचा प्रसंगहि कमी आला. केंद्र सरकारनें २०१६ सालीं सरकारी प्रसूतिगृहांत अशी एक सोबतीण असूं द्यावी असें ठरविलें. कोठें दारावर अडविलें तर ही गोष्ट नम्रपणें सांगावी.

पवित्र शास्त्रांत कठीण बाळंतपणाचीं दोन वर्णनें आहेत. बेथलेहेमाच्या वाटेवर राहेलीला सुईण धीर देते कीं, भिऊं नको. फिनहासाच्या बायकोला भोंवतालच्या स्त्रियाहि तेंच सांगतात. दोन्ही ठिकाणीं आईला एकटें टाकलेलें नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. परंतु दोन्ही ठिकाणीं आई मेली, हेंहि विसरूं नये. त्या काळीं धीर देण्यापलीकडे कोणाच्या हातीं कांहीं नव्हतें. आज आहे. म्हणून ज्या उपदेशकाला किंवा बायबलबाईला बाळंतिणीच्या घरीं बोलावणें येईल, त्यांनीं आधीं गाडीची चौकशी करावी व मग प्रार्थना करावी. आणि लांब प्रार्थनेनें गाडी खोळंबवूं नये.

आमच्या भागाला जवळचें एक उदाहरण जामखेडचें आहे. तेथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालापासून खेड्यांतील स्त्रियांस, कित्येक तर अक्षरशत्रु, आरोग्याचें काम शिकविलें. सुइणीला घालवून न देतां तिला हात धुणें, स्वच्छ पात्यानें नाळ कापणें, आणि कोणती बाई घरीं ठेवावयाची नाहीं हें ओळखणें शिकविलें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या मंडळ्यांतील वृद्ध स्त्रियांचे हात असेच उपयोगी पडावे.

आतां येलदरीकडील त्या भगिनीविषयीं. पूर्वीं अडलेली व मूल गेलेली बाई घरीं बाळंत होऊं नये, हें पहिलें. दिवस भरण्यापूर्वीं आठपंधरा दिवस तिला जिंतूरास किंवा परभणीस नातलगाकडे नेऊन ठेवावें, म्हणजे नाल्याच्या पुराची भीति राहणार नाहीं. नातलग नसतील तर तेथील मंडळींतील एखाद्या घरानें तिला ठेवून घ्यावें. गांवच्या आशाताईंस आजच सांगून ठेवावें. सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधें, जेवण व नेण्याआणण्याची गाडी यांस २०११ सालापासून पैसे पडत नाहींत. गाडीसाठीं १०२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करावा. जेथें शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत, अशाच ठिकाणीं तिची नांवनोंदणी करावी. पाणमोट फुटली, रक्त जाऊं लागलें, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी आली, झटका आला, मुलाचा हात किंवा नाळ आधीं दिसली, किंवा मुलाची हालचाल थांबली, तर कळांची वाट न पाहतां निघावें. आणि कळा सुरू झाल्यास त्याच वेळीं निघावें, सकाळ होण्याची वाट पाहूं नये. सोबत सासूबाईंनींच जावें असें आम्ही सुचवितों. सुनेसाठीं त्यांचें काळीज तुटत होतें म्हणूनच त्या त्या दिवशीं बोलल्या. वडिलांनीं गाडीभाड्यासाठीं व वरखर्चासाठीं मंडळीच्या पेटींतून कांहीं रक्कम आधींच काढून ठेवावी.

स्त्रियांच्या बैठकींत हा पाठ घेतांना वर दिलेले उतारे वाचून झाल्यावर, पावसाळा असेल तर उपदेशकांनीं रानांतून कळलावीची एक फांदी फुलासकट आणून सर्वांस दाखवावी, म्हणजे लहानथोर तिला ओळखतील. फांदी नंतर खोल पुरावी, मुलांच्या हातीं देऊं नये, आणि हात साबणानें धुतल्यावरच भाकरीला लावावे.